भिंतीवरचे स्पीकर: जागा, उंची आणि कोन आधी, वॅट शेवटी

सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हॉलमध्ये स्पीकर कुठे लागणार हे बहुतेकदा वायरमन ठरवतो. जिथे पॉइंट काढून ठेवला, तिथे स्पीकर. मग पहिल्या रांगेतल्यांच्या कानठळ्या बसतात, मागचे म्हणतात 'आवाज येतो, पण काही कळत नाही', आणि माइक घेऊन कुणी दोन पावलं पुढे आलं की शिट्टी वाजते. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोठा अँप्लिफायर. त्याने तिन्ही तक्रारी आणखी जोरात ऐकू येतात, एवढंच.

आकडे नीट कळावेत म्हणून एक ठरावीक हॉल धरू. लांबी १५ मीटर, रुंदी ९ मीटर, उंची ३.६ मीटर, म्हणजे साधारण ५० बाय ३० फूट आणि १२ फूट उंच. एका आखूड भिंतीला अडीच मीटर खोलीचं व्यासपीठ. खाली टाइल्स, भिंतींना प्लास्टर, ८० फायबरच्या खुर्च्या, छताला पंखे. वापर मुख्यतः सभा, व्याख्यान, प्रवचन, छोटे घरगुती समारंभ. लग्नातला बँड किंवा डीजे यासाठीची मांडणी वेगळी असते, ती इथे धरलेली नाही.

आधी कागद

ए-३ आकाराच्या आलेख कागदावर १:५० प्रमाणात हॉल काढा. १५ मीटरचे ३० सेंटिमीटर होतात, ९ मीटरचे १८, आणि सगळं एका कागदावर बसतं. दारं, खिडक्या, खांब, बीम, एसी आणि स्विचबोर्ड दाखवा. पंखे विसरू नका. त्यांची पाती जमिनीपासून किती उंचीवर फिरतात तेही लिहा. स्पीकरपासून कानापर्यंतची रेघ पात्यांमधून गेली, तर आवाज पंख्याच्या लयीत थरथरतो, आणि हा दोष नंतर कुठल्याही बटणाने जात नाही.

आता माणसं कुठे बसणार तो भाग पेन्सिलीने रंगवा. आपल्या हॉलमध्ये व्यासपीठाच्या भिंतीपासून ४ मीटर ते १४ मीटर, आणि दोन्ही बाजूंना पाऊण-एक मीटर वाट सोडून मधला पट्टा. एवढ्याच भागात आवाज न्यायचा आहे. बाकी भिंत, छत आणि मोकळी फरशी यांच्यावर पडणारा आवाज घुमून परत येतो आणि शब्द खराब करतो.

कानाची उंची खुर्चीवर बसलेल्याची १.२ मीटर धरा. सतरंजीवर बैठक असेल तर ७५ ते ८० सेंटिमीटर, उभ्या माणसाची १.६ मीटर. दोन्ही प्रकारे वापर होत असेल, तर कोन खुर्चीसाठी लावा. बैठकीला त्याने फारसा फरक पडत नाही.

शेवटची नोंद गोंगाटाची. सगळे पंखे पूर्ण वेगात चालू करून, खिडक्या नेहमीसारख्या ठेवून, मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर 'ए' वेटिंग (कानाच्या संवेदनेशी जुळणारं मोजमाप) आणि 'स्लो' (संथ सरासरी) ही सेटिंग लावून चार-पाच ठिकाणी वाचन घ्या. पंख्यांच्या हॉलमध्ये हा आकडा बहुधा ४५ ते ५५ च्या दरम्यान येतो. आपण ५० धरू. भाषण नीट समजायला कानाशी आवाज याच्यापेक्षा किमान १५ डेसिबल वर हवा, २० असला तर सगळे निवांत ऐकतात. म्हणजे आपलं लक्ष्य ७० डेसिबल.

स्पीकरचा कोन कसा वाचायचा

माहितीपत्रकात '९० × ६०' असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. अर्थ असा की समोरच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे ४५ अंशांवर आवाज ६ डेसिबलने उतरलेला असतो. कडेच्या बाहेरही आवाज असतोच, पण आधी पडतात ती तीक्ष्ण व्यंजनं.

सरळ समोरच्या अंतराला ९० अंशांचा स्पीकर त्या अंतराच्या दुप्पट रुंदी धरतो, ६० अंशांचा १.१५ पट, १२० अंशांचा जवळजवळ साडेतीन पट. कागदावर मात्र एवढी पूर्ण रुंदी मोजू नका. ९० अंशांच्या पट्ट्याच्या टोकाला बसलेला माणूस मधल्या माणसापेक्षा १.४ पट लांबही असतो. कोनामुळे गेलेले ६ आणि अंतरामुळे गेलेले ३ मिळून तिथे ९ डेसिबलची घट होते. म्हणून ९० अंशांच्या स्पीकरला अंतराच्या दीडपट रुंदी द्या आणि पुढचा भाग शेजारच्या स्पीकरवर सोपवा.

दुसरी अडचण अशी की हा कोन सगळ्या सुरांना सारखा नसतो. जाड आवाज जवळजवळ सर्व दिशांना पसरतो, बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. 'साल' आणि 'चाल', 'फळ' आणि 'पळ' यांतला फरक २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, म्हणून तिथला कोन पाहा. पत्रकात एकच आकडा दिला असेल आणि तो कोणत्या वारंवारतेचा ते लिहिलं नसेल, तर तो थोडा फुगवलेला आहे असं समजून चाला.

कॉलम स्पीकर, म्हणजे एकाखाली एक चार-सहा शंकू (आवाज काढणारे गोल पडदे) असलेली उंच पेटी, आडवी पसरते आणि उभी आवळलेली असते. घुमणाऱ्या हॉलला ती छान, कारण छताकडे कमी आवाज जातो. एक मीटर लांबीची पेटी साधारण ३५० हर्ट्झच्या वर हे नियंत्रण ठेवते, अर्ध्या मीटरची पेटी ७०० च्या वर. पण दाराच्या वर जागा मिळाली म्हणून हीच पेटी आडवी ठोकलेली अनेक ठिकाणी दिसते. तेव्हा सगळं उलटं होतं: आवाज छत आणि फरशीकडे पसरतो आणि बाजूच्या खुर्च्यांना मिळत नाही. कॉलम नेहमी उभाच लावायचा.

ट्रेसिंग पेपर किंवा पारदर्शक प्लास्टिकवर ९० अंशांचा, वर्तुळाच्या चतकोरासारखा तुकडा कापा. नकाशावर तो सरकवून आणि फिरवून पाहिला की पंधरा मिनिटांत अर्धी आखणी होते.

जागा

पहिली जोडी व्यासपीठाच्या काठाच्या अर्धा मीटर पुढे, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. आपल्या हॉलमध्ये व्यासपीठाच्या भिंतीपासून ३ मीटरवर. स्पीकर माइकच्या मागे, म्हणजे वक्त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर कधीही लावू नका. तिथून निघालेला आवाज श्रोत्यांच्या आधी माइकला भेटतो.

इथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट आहे. हाच स्पीकर बाजूच्या भिंतीला चपटा लावला, म्हणजे त्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे सरळ ठेवलं, तर काठापासून एक मीटर मागे मध्यावर उभ्या असलेल्या वक्त्याचा माइक मध्यरेषेपासून जेमतेम १८ अंशांवर येतो. म्हणजे तो थेट झोतात असतो. तोच स्पीकर भिंतीशी ४५ अंश करून श्रोत्यांकडे वळवला की माइक ६३ अंशांवर जातो, झोताच्या बाहेर. जागा तीच आणि स्पीकर तोच, तरी शिट्टी वाजायच्या आधी आवाज बराच जास्त वाढवता येतो.

४५ अंशांचा आणखी एक फायदा असा की ९० अंशांच्या झोताची एक कड भिंतीलगत धावते आणि दुसरी कड सरळ आडवी पलीकडे जाते. मागे व्यासपीठाकडे फारसं काही वाया जात नाही. ब्रॅकेट घेताना तो एवढा फिरतो का ते दुकानातच पाहा. स्वस्तातले बरेचसे ब्रॅकेट ३० अंशांनंतर अडकतात.

एका जोडीवर १५ मीटर लांब हॉल भागेल का? रिकामा नसेल आणि घुमत नसेल तर कसाबसा. पण मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढच्यांना तो बोचतो. म्हणून दुसरी जोडी ९ मीटरवर, त्याच उंचीवर आणि त्याच कोनात, तोंड मागच्या खुर्च्यांकडे. चार स्पीकर पुरे. सहा किंवा आठ लावले की 'सगळीकडे आवाज' हे समाधान मिळतं, पण प्रत्येक जादा स्पीकर चार-दोन खुर्च्यांना मदत करतो आणि अख्खा हॉल घुमवतो. दोन्ही भिंतींवर एकमेकांकडे तोंड करून रांगेने लावलेले आठ स्पीकर हा तर हमखास बिघडणारा प्रकार आहे. मध्यापासून १७ सेंटिमीटर सरकून बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या आवाजांत ३४ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खातात. डोकं हलवलं की सूर बदलतो. चार स्पीकरमध्येही हे थोडं होतं, पण झोत हॉलच्या लांबीकडे वळलेले असल्यामुळे त्याचा त्रास कमी जाणवतो.

उजवा-डावा असं स्टिरिओ करू नका. डावीकडे बसलेल्याला उजव्या स्पीकरमधलं नीट ऐकू येत नाही. सगळीकडे एकच मोनो सिग्नल द्या.

उंची आणि झुकाव

स्पीकरचा मध्य जमिनीपासून २.६ मीटरवर. त्याहून खाली आणला तर पुढे उभी राहिलेली माणसं झोत अडवतात. तीन मीटरच्या वर नेला तर पंखे आड येतात आणि छत जवळ येतं. आधी पंख्याच्या पात्यांची उंची तपासा. आपल्या ३.६ मीटरच्या हॉलमध्ये फूटभराच्या दांडीवर पंखा असेल, तर २.६ मीटर सुरक्षितपणे पात्यांच्या खाली राहतं.

कान १.२ मीटरवर, म्हणजे उतार १.४ मीटरचा. स्पीकरची मध्यरेषा हॉलच्या मध्यावर, स्पीकरपासून साडेचार मीटर पुढच्या खुर्चीवर टेकवा. तिथपर्यंतचं आडवं अंतर ६.४ मीटर भरतं आणि झुकाव १२ अंशांच्या आसपास येतो. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप स्पीकरच्या पाठीवर टेकवून हा कोन लावता येतो. पेटीच्या माथ्यावर लेझर पॉइंटर चिकटवला तर ठिपका नेमका कोणत्या खुर्चीवर पडतो तेही दिसतं. मात्र पेटी तिरकी छाटलेली असेल तर लेझर पुढच्या जाळीशी काटकोनात ठेवा.

झुकाव न देता सरळ लावलेल्या स्पीकरची मध्यरेषा डोक्यांवरून जाऊन समोरच्या भिंतीवर आदळते आणि झोताचा वरचा अर्धा भाग छताकडे जातो. त्यातून कुणालाच काही मिळत नाही.

आता स्पीकरच्या अगदी जवळचा माणूस पाहू. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेला श्रोता स्पीकरपासून २ मीटरवर आहे आणि लक्ष्याची खुर्ची ६.५ मीटरवर. निव्वळ अंतराने जवळच्याला १० डेसिबल जास्त मिळायला हवेत, आणि एवढा फरक कानाला दुप्पट मोठा वाटतो. पण तो मध्यरेषेपासून ३२ अंश खाली आहे. उभा कोन ६० अंशांचा असल्यामुळे तिथे साडेसहाच्या आसपास डेसिबल उतरलेले असतात. उरला फरक साडेतीन-चारचा, तो चालतो. म्हणून उभा कोन फार रुंद असलेला स्पीकर घेऊ नका. तो जवळच्या माणसाला झोताबाहेर ठेवू शकत नाही.

पेटी भिंतीपासून किती बाहेर येते यालाही महत्त्व आहे. भिंतीवर आपटून परत आलेला आवाज समोरच्या आवाजाला एका ठरावीक सुरावर खातो. शंकू भिंतीपासून २० सेंटिमीटरवर असेल तर तो सूर ४३० हर्ट्झच्या जवळ येतो, ३० सेंटिमीटरवर असेल तर २८५ च्या. दोन्ही माणसाच्या आवाजाच्या ऐन पट्ट्यात. लांब हाताचे ब्रॅकेट टाळा आणि पेटी शक्य तेवढी भिंतीलगत ठेवा. कोपऱ्यातही नको, तिथे दोन भिंती मिळून खर्ज फुगवतात आणि भाषण गुरगुरल्यासारखं येतं.

वॅट किती

चांगल्या छोट्या भिंतीच्या स्पीकरची संवेदनशीलता ८९ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८९ डेसिबल. ६.५ मीटरला अंतराची घट १६.३ डेसिबल. म्हणजे लक्ष्याच्या खुर्चीवर १ वॅटला ७२.७ मिळतात. आपल्याला सरासरी ७० हवेत. अर्ध्या वॅटात काम झालं!

पण बोलण्यात उसळ्या असतात. त्या कापल्या गेल्या की आवाज फाटतो, म्हणून १५ डेसिबलची मोकळीक ठेवा. ८५ डेसिबलच्या उसळीसाठी १७ वॅट लागतात. २० वॅटचं टॅपिंग, म्हणजे स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारी जोडणी, पुरेसं आहे. पाचशे वॅटच्या जाहिराती पाहून हॉलसाठी स्पीकर घेणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं.

वायर लांब जाणार असेल तर १०० व्होल्ट लाइन घ्या, म्हणजे अँपकडून जास्त व्होल्टेजवर सिग्नल पाठवायची पद्धत. प्रत्येक स्पीकरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, टॅपिंग बदलून प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवता येतो, आणि टॅपिंग निम्मं केलं की ३ डेसिबल कमी होतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन-कोर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ४० मीटरला एक ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून ४ ओहम केले, तर या वायरीतच जवळजवळ २ डेसिबल जातात. १०० व्होल्टवर २० वॅटचा स्पीकर ५०० ओहमचा, दोन मिळून २५० ओहमचे. तिथे तीच वायर काहीच खात नाही.

अँप्लिफायर दोन चॅनेलचा, प्रत्येकी ६० वॅट, पुढच्या आणि मागच्या जोडीला वेगळा. प्रत्येक चॅनेलवर ४० वॅटचा भार येतो. भार क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा हा नियम पाळला, तर ६० वर ४८ पर्यंत चालतं. नंतर कुणी पायऱ्यांजवळ एक स्पीकर वाढवेलच, त्याचीही सोय थोडीफार उरते.

तीन चुका इथेच होतात. ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर जोडला की तो जळतो किंवा अँप बंद पडतो. लाइनचा भार साध्या मल्टिमीटरने मोजला तर तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध दाखवतो, खरा भार नव्हे. त्यासाठी इम्पिडन्स मीटर, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा रोध मोजणारं यंत्र, लागतो. आणि खर्ज छाटला नाही तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरून जातो आणि आवाज चिरकतो. भाषणासाठी १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मिक्सरवरच कापा. लाइन चालू असताना टोकांना हात लावू नका, १०० व्होल्टचा झटका खराखुरा असतो.

मागच्या जोडीचा उशीर

आवाज मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो, वायरीतून तो लगेच पोहोचतो. म्हणून मागच्या खुर्चीवर आधी जवळच्या भिंतीचा आवाज येतो आणि मग व्यासपीठाकडचा. डोळ्यांना वक्ता समोर दिसतो, पण आवाज बाजूच्या भिंतीतून येतोय असं वाटतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिलं की दोन सारखे आवाज थोड्या अंतराने आले, तर कान पहिल्याची दिशा धरतो. दुसरा काही मिलिसेकंदांनी मागे असेल, तर तो १० डेसिबलपर्यंत मोठा असूनही दिशा पहिल्याचीच राहते. फरक ५० मिलिसेकंदांपर्यंत गेला की मात्र सरळ दोन आवाज ऐकू येतात.

आपल्या हॉलमध्ये मागच्या जोडीच्या लक्ष्याच्या खुर्चीपासून पुढचा स्पीकर ११.५ मीटरवर आणि मागचा ६.५ वर. फरक ५ मीटर, म्हणजे १५ मिलिसेकंद. पुढचा आवाज आधी पोहोचावा म्हणून त्यात ८ मिळवा आणि मागच्या चॅनेलला २३ मिलिसेकंदांचा उशीर द्या. मागच्या स्पीकरच्या जवळ बसलेल्यासाठीही फरक ५.२ मीटरच भरतो, त्यामुळे एक आकडा सगळ्यांना चालतो. आवाज पुढच्या जोडीपेक्षा २-३ डेसिबल खाली ठेवा. मागची जोडी 'चालू आहे की नाही' अशी शंका यावी आणि बंद केली की लगेच कळावं, एवढाच तिचा आवाज.

या लांबीला उशीर दिला नाही तरी प्रतिध्वनी येत नाही, फक्त आवाजाची दिशा हरवते आणि शब्दांची धार थोडी बोथट होते. पैसे कमी असतील तर उशीर देणाऱ्या यंत्राचा खर्च पुढे ढकलता येईल. २५-३० मीटरच्या हॉलमध्ये मात्र उशिराशिवाय दुसरी जोडी लावूच नका.

हॉल घुमत असेल तर

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहावर १८९५ पासून काम करून, आवाज किती सेकंद घुमत राहतो याचं जे सूत्र बसवलं ते आजही पुरतं: घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. आपला हॉल ४८६ घनमीटर. एक एकक शोषण म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी. टाइल्स आणि प्लास्टर मिळून शोषण जेमतेम १२ एकक, म्हणजे दारं-खिडक्या बंद असलेला रिकामा हॉल कागदावर साडेसहा सेकंद घुमतो. सहा चौरस मीटर खिडक्या उघडल्या की सव्वाचार. खिडक्या बंद ठेवून ८० माणसं बसली, तर प्रत्येकी ०.४५ धरून ३६ एककांची भर पडते आणि आकडा १.६ सेकंदांवर येतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये आवाज तपासून निराश होऊ नका.

१.६ सेकंदांना अशा एका स्पीकरपासून सव्वादोन मीटरच्या पुढे घुमणारा आवाज थेट आवाजावर मात करतो. त्याच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंत शब्द निभावतात, आणि एकाच वेळी वाजणारे स्पीकर वाढतील तसं हे अंतर आणखी घटतं. चारवर थांबायचं खरं कारण हे.

मागच्या भिंतीवर २० चौरस मीटर, ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल, वरून कापड, एवढं केलं तर भरलेल्या हॉलचा आकडा १.२ सेकंदांपर्यंत उतरतो. मागच्याच भिंतीवर यासाठी की तिथून परतणारा आवाज वक्त्याला सुमारे ८० मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि तो बोलताना अडखळतो. अंड्यांचे ट्रे चिकटवणं सोडून द्या. त्यांची जाडी इतकी कमी असते की भाषणाच्या पट्ट्यात त्यांचा उपयोग नगण्य आहे, आणि ते पेटतात झटकन.

ठोकताना

आरसीसी आणि पक्क्या विटेत ८ मिलिमीटरचे फास्टनर, विटेच्या सांध्यात नव्हे तर विटेच्या पोटात. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे नायलॉन प्लग, किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. जिप्समच्या पार्टिशनवर फक्त आतल्या धातूच्या पट्टीला, किंवा मागे १२ मिलिमीटरचा प्लाय देऊनच. स्विचबोर्डच्या सरळ वरच्या रेषेत ड्रिल नको, तिथून पाइप वर गेलेला असतो. प्रत्येक पेटीला ब्रॅकेटशिवाय वेगळ्या फास्टनरला अडकवलेली ३ मिलिमीटरची स्टीलची सुरक्षा दोरी हवीच. खाली मुलं बसणार आहेत.

स्पीकरची वायर लाइटच्या वायरपासून निदान ३० सेंटिमीटर दूर, आणि माइकच्या वायरसोबत एका पाइपात अजिबात नको. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर माइकच्या लाइनमध्ये गुणगुण आणतात, म्हणून माइकला बॅलन्स्ड केबल, म्हणजे अशी गुणगुण दोन तारांमध्ये रद्द करणारी वायर.

लावून झाल्यावर

आधी ध्रुव तपासा. एका जोडीतला एक स्पीकर उलटा जोडला गेला असेल, तर मध्यावर उभं राहिल्यावर आवाज पोकळ आणि पातळ लागतो. एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल केली की भरतो.

मग पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेली सलग खरखर, वाजवा, आधी फक्त पुढची जोडी, मग फक्त मागची, मग दोन्ही. मोबाइल कानाच्या उंचीवर धरून प्रत्येक तिसऱ्या खुर्चीशी वाचन घ्या आणि नकाशावर लिहा. मोबाइलचा आकडा खरा किती यापेक्षा खुर्च्या-खुर्च्यांतला फरक महत्त्वाचा. सगळं मिळून ६ डेसिबलच्या पट्ट्यात आलं की पुरे. एखादा कोपरा पडत असेल तर आवाज वाढवण्याआधी स्पीकर पाच अंश फिरवून पाहा.

खरी परीक्षा शब्दांची. कुणाला तरी व्यासपीठावरून वीस-पंचवीस सुटे शब्द वाचायला लावा: साल, टाळ, चाळ, खर, कर, फळ, पळ, शाळा, तास, ताट. पंखे चालू. मागच्या रांगेतल्या तिघांनी ऐकलेलं लिहायचं. स-च-ट मध्ये चुका होत असतील तर झोत कानांवर पडत नाही किंवा बारीक सूर कमी आहेत. सगळेच शब्द ओढल्यासारखे येत असतील तर हॉल घुमतोय, तिथे इक्वलायझर हलवून उपयोग नाही.

शिट्टी येत असेल तर उघडे माइक मोजा. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. माइक तोंडापासून दुप्पट दूर धरला की ६ ने. चार माइक उघडे आणि वक्ता हातभर अंतरावरून बोलतोय, अशा वेळी कुठलाही स्पीकर वाचवू शकत नाही.

वर्गाची किंवा कोचिंगची ८ बाय ६ मीटरची खोली असेल, तर एवढा खटाटोप नको. फळ्याच्या भिंतीवर दोन्ही टोकांपासून सव्वा मीटर आत, २.३ मीटर उंचीवर दोन स्पीकर, १० अंश झुकवून मागून दुसऱ्या बाकाकडे रोखलेले. इथे ते शिक्षकाच्या मागे येतात, म्हणून हातातल्या माइकऐवजी तोंडाजवळचा हेडसेट द्या.

सगळं जमल्यावर मिक्सरच्या बटणांवर पेन्सिलीची खूण करा, टॅपिंग आणि उशिराचे आकडे नकाशाच्या मागे लिहा आणि त्याची प्रत अँपच्या कपाटात चिकटवा. सोसायटीचा हॉल असेल तर एका संध्याकाळी ठरलेल्या आवाजावर सगळं चालू ठेवून कुंपणापाशी वाचन घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाची मोकळीक बंद सभागृहात आतल्या आत वापरण्यापुरतीच आहे. खासगी जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त आवाज चालत नाही, आणि निवासी भागात ती मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. आकडा वर जात असेल तर ज्या खिडकीसमोर स्पीकरचा झोत येतो, तीच खिडकी आधी बंद करून पुन्हा मोजा.